मालमत्तेतली गुंतवणूक शिकायची आहे? आधी या धंद्यात नोकरी धरा

"घर घेऊन भाड्याने द्यायचंय, जमिनीत पैसे घालायचेत, पण सुरुवात कुठून करू?" असं विचारणाऱ्याला माझं उत्तर ठरलेलं असतं. शनिवार-रविवारच्या महागड्या सेमिनारचे पैसे वाचवा आणि वर्ष-दीड वर्ष या धंद्यात काम करा. शिकणं होतं, वर पगारही मिळतो. मी पुण्यात रिसेल (म्हणजे जुन्या घरांची फेरविक्री) आणि भाड्याचे व्यवहार करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात सुरुवात केली, पुढे गृहकर्जाच्या फाइल्सवर काम केलं. त्या अनुभवावरून हा लेख लिहितेय. उदाहरणं पुण्याची आहेत, पण कायदे आणि कागद राज्यभर जवळपास तेच आहेत.

## १. विकायला शिकायचंय की घ्यायला, ते आधी ठरवा

बहुतेक नवखे इथेच चुकीच्या दारातून आत शिरतात. रिअल इस्टेट म्हटलं की डोळ्यांसमोर नव्या प्रकल्पाची साइट येते: चकाचक ऑफिस, सॅम्पल फ्लॅट, ब्लेझर. तिथे माणूस उत्तम विक्री शिकतो. पण भाव बिल्डरने ठरवलेला, करारनामा वकिलाने आधीच छापून ठेवलेला, कर्जाचं काम बँकेच्या माणसाकडे आणि नोंदणीचं दुसऱ्याच विभागाकडे. ग्राहकाचा चेक आला की तुमचा संबंध जवळजवळ संपला.

गुंतवणूकदाराला लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. घराची खरी किंमत किती, मालकी स्वच्छ आहे का, भाडं किती येईल, बँक किती कर्ज देईल आणि विकायची वेळ आली तर कोण घेईल. म्हणून कुठलंही काम स्वीकारताना एकच निकष लावा: रोज माझ्या टेबलावरून कोणते कागद जाणार आहेत? पगाराचा आकडा त्यानंतर बघा.

## २. कोणतं काम काय शिकवतं

रिसेल आणि भाड्याचं एजंट ऑफिस. माझी पहिली पसंती याला. इथे मालक नव्वद लाख सांगतो, ग्राहक अठ्ठ्याहत्तरवर अडून बसतो आणि व्यवहार मधे कुठे जुळतो ते तुम्ही समोर बसून बघता. सोसायटीची एनओसी, थकलेला मेंटेनन्स, आधीच्या कर्जाचं क्लोजर, वारसांच्या सह्या, सगळ्या अडचणी एकाच टेबलावर येतात. भाड्याच्या कामाला कमी समजू नका. कुठल्या गल्लीतलं घर आठवड्यात जातं आणि कुठलं महिनोन्‌महिने रिकामं राहतं, हे भाड्याच्या वहीतून कळतं तसं कुठल्याही अहवालातून कळत नाही.

गृहकर्जाचं काम. बँकेचा थेट विक्री एजंट म्हणजे डीएसए, किंवा गृहवित्त कंपनीची शाखा. बँक मालमत्ता कशी नाकारते, हे इथे दिसतं. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) नसलेली इमारत, मंजूर नकाशात नसलेला मजला, फार जुनं बांधकाम, मालकीच्या साखळीतला एखादा हरवलेला मूळ करार. पंधरा-वीस नाकारलेल्या फाइल्स वाचल्या की नजर आपोआप तयार होते.

मालमत्तेचं काम करणाऱ्या वकिलाचं ऑफिस. इथे सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, घ्यायला माणसं लागतात. तीस वर्षांच्या नोंदी तपासायच्या, सातबारा आणि फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) जुळवायचे, दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात रांगा लावायच्या. पैसा कमी, शिक्षण भरपूर. जमिनीत गुंतवणूक करायची असेल तर दुसरा विचारच करू नका.

मूल्यांकन करणाऱ्याकडे साइट व्हिजिट. सिव्हिलचा डिप्लोमा असेल तर हा छान रस्ता आहे. टेप घेऊन घर मोजायचं, फोटो काढायचे, आसपासचे भाव काढायचे.

बिल्डरकडे सोर्सिंग (ग्राहक आणणं), क्लोजिंग (सौदा पक्का करणं), प्रीसेल्स (फोनवर चौकशा हाताळणं). पगार आणि इन्सेंटिव्ह मिळून इथे कमाई जास्त होऊ शकते. बोलण्याची भीती वाटत असेल तर सहा महिने करायला हरकत नाही, पण तिथेच रमू नका. बिल्डरकडेच जायचं असेल तर शक्यतो सीआरएम, म्हणजे बुकिंगनंतर ग्राहकांचं काम बघणारा विभाग मागा. करारनामा, मागणीपत्रं, ताबा, ग्राहकांच्या तक्रारी हे सगळं तिथून जातं.

सोसायटी मॅनेजरचं कामही याच यादीत बसतं. इमारत म्हातारी होताना किती पैसे खाते, हे तिथे कळतं.

## ३. कागद आणि साधनं

नोकरीसाठी:

- आधार, पॅन, फोटो, दहावी-बारावी आणि पुढच्या गुणपत्रिका
- बँक खात्याचा रद्द केलेला चेक
- दुचाकी आणि लायसन्स (पुण्यात याशिवाय फिल्डचं काम जवळपास अशक्य)
- एक पानी बायोडाटा, त्यात तुम्हाला माहीत असलेल्या भागांची नावं
- व्हॉट्सअ‍ॅप चालणारा दुसरा नंबर. आपला घरचा नंबर पोर्टलवर टाकू नका, पुढची कित्येक वर्षं फोन येत राहतात.

कामासाठी मोजायची टेप, टॉर्च आणि एक जाड वही. ओल शोधायला टॉर्च भिंतीला चिकटवून तिरकी धरायची, पोपडे लगेच दिसतात.

## ४. महारेराची परीक्षा देऊन टाका

रेरा हा बांधकाम प्रकल्प आणि त्यांच्या विक्रीवर देखरेख ठेवणारा कायदा, २०१६ चा. त्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकून देणाऱ्या एजंटला नोंदणी लागते. ती नसताना काम केलं तर रोज दहा हजार रुपये आणि वाढत वाढत मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२३ पासून महारेराने, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. वीस तासांचं प्रशिक्षण, मग ऑनलाइन परीक्षा, मग सक्षमता प्रमाणपत्र आणि त्याच्या आधारे नोंदणी. वैयक्तिक नोंदणीची फी दहा हजार रुपये आणि मुदत पाच वर्षं.

नोंदणीसाठी पॅन, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, आधीच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं (किंवा ती भरावी लागत नसल्याचं घोषणापत्र) आणि सक्षमता प्रमाणपत्र जवळ ठेवा.

नोकरीच करायची असेल तर स्वतःची नोंदणी लगेच लागेलच असं नाही, पण परीक्षा द्याच. अभ्यासात कायदा नीट वाचून होतो. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, ग्राहकांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, बांधकामातल्या मूलभूत दोषाची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरची असते. हे तोंडपाठ असलेला उमेदवार मुलाखतीत उठून दिसतो.

## ५. काम शोधायचं कुठे आणि कधी

नोकरीच्या पोर्टलवर बहुतेक जाहिराती टेलिकॉलर आणि साइट विक्रीच्या असतात. छोटी एजंट ऑफिसं आणि वकील तिथे फारसे सापडत नाहीत. त्यांच्याकडे पायीच जावं लागतं. एक भाग निवडा: वाकड, खराडी, कोथरूड, सिंहगड रस्ता, जो तुमच्या घरापासून जवळ असेल तो. तिथल्या दहा-बारा ऑफिसांत सकाळी अकराच्या सुमाराला जा. मालक तेव्हा निवांत असतो, संध्याकाळी साइट दाखवायच्या गडबडीत कोणी बोलणार नाही. "काही काम आहे का" असं मोघम विचारू नका. "मला भाड्याच्या करारांचं काम आणि घरं दाखवणं जमेल, टू-व्हीलर आहे, शनिवार-रविवार येईन" असं नेमकं सांगा.

दुसरी चांगली जागा म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरची ऑफिसं. भाडेकरार ऑनलाइन नोंदवून देणारे, बायोमेट्रिक मशीन घेऊन घरोघर जाणारे लोक तिथे भेटतात. त्यांना मदतनीस कायम हवे असतात.

वेळ साधा. पितृपंधरवड्यात बुकिंग जवळपास थांबतं, तेव्हा मालकाला शिकवायला सवड असते आणि लगेच नवरात्र-दसऱ्याची गर्दी येते. भाड्याचं काम शिकायचं असेल तर एप्रिल ते जून. शाळा आणि बदल्यांमुळे तेव्हा अर्धं शहर घर बदलत असतं.

## ६. होकार देण्याआधी हे विचारा

- ठरलेला पगार किती आणि कमिशन किती? फक्त कमिशनवर असेल तर पेट्रोल कोण देणार?
- इन्सेंटिव्ह कधी हातात येतो: बुकिंगला, नोंदणीला, की बिल्डरकडून पैसे आल्यावर? बुकिंग रद्द झालं तर परत कापतात का?
- मला करार, सर्च रिपोर्ट, कर्जाच्या फाइल्स बघायला मिळतील का? नोंदणीला सोबत येता येईल का?
- ऑफिसचा महारेरा क्रमांक काय? (नवीन प्रकल्प विकत असतील तर)

तिसऱ्या प्रश्नाला जो मालक खुशीने हो म्हणेल, त्याच्याकडे थोडा कमी पगार असला तरी जा. आणि नोकरी देण्यासाठी "ट्रेनिंग फी" किंवा "डिपॉझिट" मागणाऱ्याकडून सरळ उठून या.

## ७. पहिले तीन महिने: रोज एक सूची दोन

हा माझ्या मते सगळ्यात मोलाचा सराव आहे, म्हणून सविस्तर सांगते.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सोय आहे. वर्ष, जिल्हा, गाव आणि सर्व्हे किंवा मिळकत क्रमांक टाकला की त्या ठिकाणी नोंदवलेल्या दस्तांची यादी येते. प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक दोन, सगळे जिला इंडेक्स टू म्हणतात ती, उघडता येते. एकाच पानाचा कागद. पहिल्या ओळीत विलेखाचा प्रकार, मग मोबदला (करारात लिहिलेली किंमत), मग बाजारभाव (सरकारी दराने काढलेली किंमत), चौथ्या रकान्यात घराचा पूर्ण तपशील, पाचव्यात क्षेत्रफळ. त्याखाली देणारा, घेणारा, तारखा, मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क.

रोज ऑफिसात विकायला आलेल्या एका सोसायटीची निवड करा. तिथले मागच्या वर्षा-दोन वर्षांतले दस्त काढा आणि वहीत मांडा: कुठला मजला, किती क्षेत्रफळ, किती मोबदला. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणा, चौरस फूट मिळतात. साठ चौरस मीटरचे साधारण ६४६ चौरस फूट. ते कार्पेट (भिंतींच्या आतलं) आहे की बिल्टअप (भिंती धरून), हे चौथ्या रकान्यातला मजकूर वाचून ठरवा. जुन्या करारांत बिल्टअप लिहिण्याची पद्धत होती, आणि एजंट आजही बोलताना सेलेबल (सामाईक जागेचा वाटाही धरून) सांगतात. तीन वेगळ्या मापांचे भाव एकमेकांशी ताडले की सगळा हिशेब चुकतो.

आता शेजारी पोर्टलवरचा मागणीचा भाव लिहा. दोन्हींतला फरक महिनाभर बघत राहा. कुठल्या भागात लोक दहा टक्के वाढवून सांगतात, कुठे भाव कित्येक महिने हललेलाच नाही, हे हळूहळू दिसू लागतं. एक सावधगिरी मात्र ठेवा. मोबदला या सरकारी बाजारभावाला अगदी चिकटून असेल तर व्यवहारात काही रक्कम कागदाबाहेर गेलेली असू शकते, तेव्हा एकाच दस्तावर निष्कर्ष काढू नका.

जमिनीत रस असेल तर असाच सराव सातबारावर करा. नाव नंतर बघा, आधी भोगवटादार वर्ग एक की दोन ते बघा. वर्ग दोन असेल तर विकायला सहसा सरकारी परवानगी लागते. मग इतर हक्क हा रकाना: कूळ, बोजा, वारसाची तक्रार, सगळं तिथे लपलेलं असतं. त्यातले फेरफार क्रमांक टिपा आणि एकेक फेरफार काढून वाचा. शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात शेतकरी असावं लागतं, हे माहीत नसलेली कितीतरी शिकलेली माणसं टोकन (बयाणा) देऊन बसतात.

## ८. प्रत्येक घराची आकडेमोड करा

ग्राहकाला घर दाखवून झालं की ऑफिसात येऊन स्वतःसाठी हिशेब मांडा. समजा फ्लॅट ऐंशी लाखांचा, भाडं चोवीस हजार.

वरवर बघता वर्षाचं भाडं २,८८,०००, म्हणजे ३.६ टक्के. पण पुणे महापालिका हद्दीत सात टक्के मुद्रांक शुल्क ५,६०,०००, नोंदणी फी ३०,०००, एक टक्का दलाली ८०,०००. खरी खरेदी ८६,७०,००० ला पडली. भाडेकरू बदलताना वर्षात एक महिना घर रिकामं राहिलं तर भाडं २,६४,०००. त्यातून मेंटेनन्स ४२,०००, मिळकत कर १४,०००, किरकोळ दुरुस्ती १२,००० वजा करा. हातात राहिले १,९६,०००, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास, तेही आयकराच्या आधी.

कर्जाची बाजूही मांडा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस लाखांच्या वर आणि पंचाहत्तर लाखांपर्यंतचं कर्ज किमतीच्या ऐंशी टक्क्यांपुढे देता येत नाही, आणि त्या किमतीत मुद्रांक-नोंदणीचा खर्च धरत नाहीत. म्हणजे चौसष्ट लाख कर्ज मिळालं तरी सोळा लाख आणि वरचे ६,७०,००० मिळून २२,७०,००० स्वतःचे हवेत.

असा हिशेब शे-दीडशे घरांचा झाला की पुढच्या घरात पाऊल टाकतानाच अंदाज येतो. भाड्याचा परतावा इतका थोडा असताना लोक घर का घेतात, कुठे किंमत वाढण्याची आशा खरी आहे आणि कुठे ती फक्त माहितीपत्रकात आहे, यावर ऑफिसातल्या जुन्या लोकांशी बोला. त्यांना हा विषय आवडतो.

## ९. हमखास दिसणारे सापळे

टोकन आपल्या खात्यात घेणं. "तुझ्या जीपेवर घे, नंतर देऊ मालकाला" असं कोणीही म्हणो, घेऊ नका. पैसे थेट मालकाच्या खात्यात आणि लेखी पावतीवर.

रोख. मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, आयकर कायद्यात त्याला तेवढ्याच रकमेचा दंड आहे. रोख मोजायला किंवा पोचवायला सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा.

महारेरा क्रमांकाशिवाय जाहिरात. प्री-लाँचचा, म्हणजे नोंदणीआधीच्या विक्रीचा, मेसेज तुमच्या नावाने फिरला तर जबाबदारी तुमच्यावरही येऊ शकते. नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्रमांक आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. कोड स्कॅन करून प्रकल्पाचं पान स्वतः वाचा: पूर्णत्वाची मूळ तारीख, वाढवलेली तारीख, कोर्टातले दावे, विकलेली घरं.

एकटीने रिकामं घर दाखवायला जाणं. मुलींनो, हे तुमच्यासाठी. ग्राहकाचं नाव, नंबर आणि पत्ता ऑफिसच्या ग्रुपवर टाकल्याशिवाय निघू नका, संध्याकाळी उशिरा जाऊ नका, आत गेल्यावर दार उघडं ठेवा आणि ग्राहकाला पुढे चालू द्या. याला नाक मुरडणारं ऑफिस लगेच सोडा.

सोसायटीची मनमानी. घर विकताना "डोनेशन" म्हणून लाखभर मागणाऱ्या सोसायट्या अजून आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्थेला हस्तांतरण शुल्क जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये घेता येतं. भाड्याने दिल्यास बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. हे दोन आकडे अनेक व्यवहार वाचवतात.

ऑफिसच्या ग्राहकाचा सौदा आपण उचलणं. स्वस्तातलं घर आधी आपल्याला दिसतं, मोह होतो. घ्यायचंच असेल तर ऑफिसला आणि विक्रेत्याला तुम्ही स्वतः घेताय हे आधी सांगा. हा धंदा एका भागात फार तर पन्नास-साठ माणसांचा असतो आणि एकाची लबाडी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलेली असते.

## १०. नोकरी करता करता पहिली खरेदी

घाई नको, पण अनिश्चित काळ थांबूही नका. तुम्ही ज्या दोन-तीन सोसायट्यांचे दस्त वाचलेत, जिथे स्वतः भाडेकरू आणून दिलेत, तिथेच पहिलं घर बघा. वन बीएचके बऱ्याचदा सोयीचं पडतं, कारण भाडेकरू पटकन मिळतो आणि विकायलाही गिऱ्हाईक असतं.

बँकेच्या लिलावातली घरं स्वस्त दिसतात, पण पहिली खरेदी तिथे करू नका. साधारणपणे दहा टक्के अनामत भरून बोली लावायची, बोली लागली की पंचवीस टक्के लगेच आणि उरलेले पंधरा दिवसांत भरायचे असतात. घर जसं आहे तसं घ्यावं लागतं. आत राहणारा माणूस आणि सोसायटीची थकबाकी तुमच्या गळ्यात येते. दोन-तीन लिलावांचं काम वकिलासोबत बघा, मग विचार करा.

किंमत पन्नास लाख किंवा वर असेल तर विक्रेत्याला पैसे देताना एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, नवखे खरेदीदार हे हमखास विसरतात. आणि सर्च स्वतः कितीही चांगला करता येत असला तरी वकील बाहेरचा नेमा. तुमच्या ऑफिसचा नको, विक्रेत्याचा तर नकोच. त्याच्याकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट सहीनिशी लेखी घ्या, आणि तो हातात येईपर्यंत टोकनपलीकडे एक रुपयाही देऊ नका.